बर्फाळ हिवाळा आणि राहायला गाव-घर निवडणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्फाच्या गावात राहायला जायचं ठरवलेले, किंवा जाऊ की नको या विचारात अडकलेले लोक जे प्रश्न परत परत पाठवतात ते इथे एकत्र केलेत. माझं एक मत आधीच सांगून टाकते, कारण बहुतेक उत्तरं त्यावरच उभी आहेत. थंडीचा आकडा माणसाला फारसा हरवत नाही, रोज दाराबाहेर पडणंच जड झालं की माणूस हरतो. म्हणून गाव आणि घर निवडताना आपलं बाहेर पडणं कुठे सोपं राहील ते बघा.

१. तापमान बघून गाव निवडायचंय, नक्की कोणता आकडा बघू?

सगळे जानेवारीचं सरासरी तापमान बघतात आणि तिथेच थांबतात. ते बघाच, पण सोबत हेही शोधा की बर्फ जमिनीवर टिकायला लागतो कधी आणि पूर्ण वितळतो कधी, वारा किती असतो, डिसेंबरात उजेड किती तास मिळतो, आणि तापमान शून्याच्या वर-खाली किती वेळा जातं. ही शेवटची गोष्ट लोकांना सुचतच नाही. शून्याच्या आसपास घुटमळणारा हिवाळा हा मायनस १५ ला स्थिर बसलेल्या हिवाळ्यापेक्षा जास्त छळतो, कारण दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठतं, सकाळी फुटपाथवर नुसती काच झालेली असते, बूट ओले, मोजे ओले, आणि ओला गारठा हाडात शिरतो. मायनस १५ ला बर्फ कोरडा भुसभुशीत असतो, कोटावरून झटकला की गळून पडतो.

आणि हिवाळ्याची लांबी. जानेवारीतली थंडी लोक उत्साहाने काढतात, एप्रिलमध्ये परत बर्फ पडला की मात्र हातपाय गळतात. मला विचाराल तर दहा अंश जास्त थंडी चालेल पण एक महिना कमी हिवाळा द्या.

२. ॲपवर मायनस १० दाखवतं आणि खाली "फील्स लाइक मायनस २०". खरं कुठलं मानायचं?

दोन्ही खरी आहेत, कामं वेगवेगळी. हवेचं तापमान मायनस १०च आहे. पण अंगाभोवती आपल्याच उष्णतेने तापलेल्या हवेचा जो पातळ थर असतो तो वारा उडवून नेतो, त्यामुळे उघडी कातडी फार भराभर गार पडते. मायनस १० ला ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर कातडीला ते साधारण मायनस २० सारखं लागतं, आणि मायनस २० ला तोच वारा असेल तर मायनस ३३ सारखं. "फील्स लाइक" मायनस २८ च्या खाली गेलं की उघड्या कातडीला १० ते ३० मिनिटांत हिमदंश होऊ शकतो, मायनस ४० च्या खाली ५ ते १० मिनिटांत.

म्हणून कपडे किती घालायचे हे "फील्स लाइक" बघून ठरवा. गाडी, नळ, पाइप यांच्यासाठी मात्र खरं तापमान बघा, कारण निर्जीव वस्तू वाऱ्याने लवकर गार होते पण हवेच्या तापमानाच्या खाली जात नाही. हवा प्लस २ असेल तर कितीही वारा सुटू दे, पाइपातलं पाणी गोठणार नाही.

३. जितकं थंड गाव तितका जास्त बर्फ, बरोबर ना?

नाही, आणि हा गैरसमज खूप लोकांना महागात पडतो. अतिथंड हवेत बाष्प मावतच नाही. रशियातल्या याकुत्स्कला जानेवारीची सरासरी मायनस ३५ च्याही खाली असते पण तिथली हवा कोरडी, बर्फ तुलनेने थोडाच. उलट जपानच्या साप्पोरोत जानेवारीची सरासरी शून्याच्या थोडीच खाली, आणि हिवाळाभरात मिळून पाचेक मीटर बर्फ पडतो, कारण सायबेरियाकडून येणारी थंड हवा समुद्रावरून येताना बाष्प उचलते आणि डोंगराला अडून सगळं तिथेच टाकते. अक्षांशावर जाऊ नका, साप्पोरो फ्रान्समधल्या मार्सेलच्याच अक्षांशावर आहे.

मोठ्या तलावांच्या काठीही असंच होतं. अमेरिकेतल्या बफेलोजवळ ईरी तलावावरून येणारा बर्फ अरुंद पट्ट्यात पडतो, नोव्हेंबर २०२२ मध्ये दक्षिणेच्या ऑर्चर्ड पार्क भागात सुमारे २ मीटर बर्फ साचला आणि थोड्या किलोमीटरवर उत्तरेला त्याच्या मानाने खूपच कमी. तलावाकाठचं गाव निवडत असाल तर शहराची सरासरी बघून उपयोग नाही, तुमचा मोहल्ला पट्ट्यात येतो का ते शेजाऱ्यांना विचारा.

४. अंधाराची भीती वाटते. उत्तरेला गेल्यावर डिप्रेशन येतंच का?

येतंच असं नाही, पण अंधाराला हलक्यात घेऊ नका, थंडीवर कपडे घालता येतात अंधारावर नाही. डिसेंबरातल्या सगळ्यात छोट्या दिवशी कॅनडातल्या विनिपेगमध्ये साधारण ८ तास उजेड असतो, फिनलंडच्या हेलसिंकीत ६ तासांहून थोडा कमी, आणि नॉर्वेतल्या ट्रोम्सोमध्ये नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. गंमत म्हणजे या तिघांत थंडी सगळ्यात जास्त विनिपेगला, आणि सगळ्यात उत्तरेच्या ट्रोम्सोला त्याहून खूपच कमी, तिथे समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे जानेवारीची सरासरी मायनस ४ च्या आसपास राहते. तेव्हा तुम्हाला थंडी जड जाते की अंधार, हे आधी स्वतःला नीट विचारा. पावसाळी ढगाळ आठवड्यात तुमचं मन बसतं का? मग विनिपेगसारखं कडक थंडीचं पण उन्हाचं गाव तुम्हाला जास्त मानवेल.

ऋतूप्रमाणे येणारं नैराश्य हा खरा आजार आहे, १९८४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं. यावर १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दिवा सकाळी उठल्यावर साधारण अर्धा तास समोर ठेवणं हा प्रचलित उपाय आहे, मात्र बायपोलर आजार किंवा डोळ्यांचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. आणि ढगाळ दिवशीही दुपारी बाहेर जा, घरातल्या दिव्यांपेक्षा बाहेरचा ढगाळ उजेडसुद्धा कितीतरी जास्त असतो. झोप, भूक, कामात मन या तिन्हीवर दोन आठवडे परिणाम दिसला तर वसंताची वाट बघत बसू नका, दाखवा.

५. गाव बघायला कधी जाऊ? आम्ही जूनमध्ये जायचा विचार करतोय.

जूनमध्ये कुठलंही गाव सुंदर दिसतं. पहिल्या बर्फात पण जाऊ नका, तेव्हा सगळं पांढरंशुभ्र आणि दिव्यांनी सजलेलं असतं, मन भुलतं. हिवाळा संपत आलेला असताना जा. तेव्हा रस्त्याकडेला काळपट ढीग असतात, मिठाचं पाणी उडत असतं, लोक कंटाळलेले असतात, आणि खरा प्रश्न तेव्हाच कळतो की या अवस्थेतही लोक बाहेर दिसतात का. म्हातारी माणसं चालतायत का, मुलं खेळतायत का, बसस्टॉपवर आडोसा आहे का. मंगळवार-बुधवार असा कामाचा दिवस धरा, आणि जे घर बघताय तिथून दुकानापर्यंत, शाळेपर्यंत, बसपर्यंत एकदा स्वतः चालत जा, अंधार पडल्यावर परत या. गाडीतून चक्कर मारली तर यातलं काहीच कळत नाही.

६. घर बघायला गेल्यावर काय काय विचारायचं? घरमालक सगळं छान आहे म्हणतो.

मग त्याला मागच्या हिवाळ्याची हीटिंगची बिलं दाखवायला सांगा. गोड बोलण्यापेक्षा जानेवारी-फेब्रुवारीचं बिल घराबद्दल जास्त सांगतं. हीटिंग भाड्यात धरलंय की वेगळं, आणि थर्मोस्टॅट तुमच्या हातात की त्याच्या, हे करारात लिहून घ्या.

खिडक्या दुहेरी काचेच्या तरी हव्यात, कडक थंडीत तिहेरी. खिडकीच्या कडेने ओला हात फिरवा, वारा आत येत असेल तर लगेच कळतं. चौकटीच्या खाली लाकूड काळं पडलंय का, कोपऱ्यात बुरशी आहे का, नवीन रंग फक्त एकाच भिंतीला दिलाय का बघा (का ते प्रश्न ९ मध्ये). माळ्यावर चढू देत असतील तर चढा आणि इन्शुलेशन किती जाड आहे बघा, घरातली बरीच उष्णता वरून पळते. हीटरचं शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं, पाण्याचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे, कार्बन मोनॉक्साइडचा (विषारी वायूचा) अलार्म बसवलाय का, हे न लाजता विचारा. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं यंत्र) असेल तर तो किती तापमानापर्यंत चालतो आणि त्याखाली दुसरी काय सोय आहे, कारण थंड प्रदेशासाठी बनवलेले पंप मायनस २५ पर्यंतही चालतात पण साधे त्याच्या खूप आधी दमतात.

घराची दिशा फार महत्त्वाची. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेल्या घराला हिवाळ्याचं तिरपं ऊन आत येतं, आणि दारासमोरचा बर्फ उन्हानेच अर्धा जातो. उत्तरेकडच्या उताराच्या ड्राइव्हवेवर तोच बर्फ घट्ट होऊन महिनोन् महिने बसतो. एकाच भाड्यात दोन घरं मिळत असतील तर मी डोळे झाकून दक्षिणेचं घेईन, लहान असलं तरी. आणि दारातून आल्या आल्या बूट-कोट काढायला छोटी जागा, दोन दारांच्या मधली असेल तर उत्तमच, नाहीतर प्रत्येक वेळी दार उघडलं की घर गार.

७. दारासमोरचा बर्फ कोण काढतं? मुन्सिपालटी नाही का काढत?

रस्ता त्यांचा, पण फुटपाथ बऱ्याच ठिकाणी ज्याच्या घरासमोर आहे त्याने ठराविक तासांत साफ करायचा असतो, नाहीतर दंड. नियम गावागणिक बदलतो, भाडेकरू असाल तर हे काम तुमचं की मालकाचं ते करारात हवंच. रस्त्यांचाही क्रम ठरलेला असतो, आधी मोठे रस्ते आणि बसचे मार्ग, मग गल्ल्या. बसच्या मार्गावर किंवा त्याच्या एक वळण आत राहिलात तर हिवाळाभर फायदा. कॅनडातल्या माँट्रियलसारख्या शहरात बर्फ बाजूला लोटून थांबत नाहीत, ट्रकमध्ये भरून नेतात, त्या वेळी रस्त्यावर लावलेली गाडी हलवावी लागते, नाही हलवली तर उचलून नेतात. रस्त्यावर पार्किंग असलेलं घर घेत असाल तर हा त्रास धरून चाला.

अजून एक, प्लाव, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ लोटणारी गाडी, गेला की तुम्ही नुकत्याच साफ केलेल्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी टणक बर्फाचा बांध घालून जातो. तो सगळ्यांच्याच दारात होतो. तो वरच्या भुसभुशीत बर्फापेक्षा खूप जड असतो आणि गोठायच्या आत काढायला लागतो.

८. वडिलांना बर्फ काढायला द्यावं का? व्यायाम होईल म्हणतात.

हृदयाचा त्रास, बीपी, डायबेटिस असेल किंवा वय झालं असून एरवी हालचाल नसेल तर नको, या बाबतीत भिडेला पडू नका. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं, त्यात हाताने जड उचलणं, श्वास रोखून धरणं, आणि तेही बहुतेक सकाळी उठल्या उठल्या. मोठ्या बर्फानंतर हार्ट ॲटॅक वाढतात हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. ताजा कोरडा बर्फ एका घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो, ओला ३०० किलो किंवा त्याच्याही वर, त्यामुळे थर कमी दिसतो म्हणून काम हलकं असं नाही.

तब्येत चांगली असेल तर आधी घरातच थोडं अंग गरम करा, अर्धंच फावडं भरा, उचलण्यापेक्षा ढकला, आणि बर्फ पडत असतानाच दोन-तीन वेळा थोडा थोडा काढा. छातीत दडपण, जबडा किंवा डावा हात दुखणं, न थांबणारी धाप, यातलं काहीही झालं तर फावडं तिथेच टाकून इमर्जन्सीला फोन.

९. हीटर चालू आहे तरी खिडक्यांवर पाणी साचतं आणि दुसरीकडे ओठ फुटतात. हवा ओली आहे की कोरडी?

कोरडीच आहे, पण काच इतकी गार असते की त्या थोड्या बाष्पाचंही तिथे पाणी होतं. बाहेर शून्याच्या आसपास असेल तर घरातली आर्द्रता ४० टक्क्यांपर्यंत चालते, मायनस २० ला ती २५-३० वर आणावी लागते. आर्द्रता मोजायचं छोटं मीटर घ्या, ओठ फुटले म्हणून ह्युमिडिफायर रात्रभर सोडून देऊ नका, खिडकीच्या चौकटी आणि भिंतीचे कोपरे त्यानेच कुजतात. अंघोळीनंतर एक्झॉस्ट चालू ठेवा, घरात कपडे वाळत घालत असाल तर त्या खोलीचं दार लावून एक्झॉस्ट लावा, पलंग आणि कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका. कातडीसाठी मलम लावा, ओल्या अंगावरच लावलं तर जास्त टिकतं.

१०. पाइप गोठतात म्हणजे काय होतं, आणि गोठला तर काय करू?

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, त्यामुळे बर्फाचा बुच आणि बंद नळ यांच्या मध्ये अडकलेल्या पाण्यावर प्रचंड दाब येतो आणि पाइप फाटतो. फाटला हे वितळल्यावर कळतं, तोवर घरात तळं झालेलं असतं. फार थंड रात्री बाहेरच्या भिंतीकडच्या सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा आणि तो नळ अगदी बारीक धारेने सोडून ठेवा. बाहेरच्या नळाचं पाणी थंडी सुरू व्हायच्या आधीच आतून बंद करून काढून टाका, होजपाइप लावलेला ठेवू नका.

गोठलाच तर नळ उघडा ठेवा आणि नळाच्या बाजूकडून मागे मागे हेअर ड्रायरने गरम करत जा. मेणबत्ती, गॅसची बत्ती, कुठलीही उघडी ज्योत नाही, घरं पेटतात. आणि मेन व्हॉल्व्ह कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या, मुलांनासुद्धा.

११. छताच्या कडेला बर्फाचे लांब सुळे लोंबतात ते चांगलं दिसतं, राहू देऊ का?

दिसतं छान पण तो इशारा आहे. माळ्यातून उष्णता निसटते, छतावरचा बर्फ खालून वितळतो, ते पाणी वळचणीपाशी येऊन परत गोठतं आणि तिथे बांध तयार होतो. मग मागचं पाणी कौलांखालून घरात शिरतं. कायमचा उपाय माळ्याचं इन्शुलेशन आणि हवा खेळती ठेवणं हाच आहे. तात्पुरतं म्हणून लांब दांड्याच्या खोऱ्याने जमिनीवर उभं राहून कडेचा बर्फ ओढून काढा. छतावर चढू नका, कुऱ्हाड-हातोडी चालवू नका. सुळ्यांखालून मुलांना जाऊ देऊ नका.

१२. कपड्यांवर किती खर्च करू? सगळं एकदम घेणं परवडत नाही.

आधी बूट. नंतर कोट. बाकी हळूहळू घ्या, आणि बूट-कोट सोडून बाकीचं सेकंडहँड घ्यायला अजिबात हरकत नाही. कोटसुद्धा तिथे पोचल्यावरच घ्या, बर्फाच्या गावातल्या दुकानात त्या हवामानाला लागतं तेच मिळतं.

बूट वॉटरप्रूफ, तळवा मऊ रबराचा आणि अर्धा साइज मोठा, जाड मोजा घालून बोटं हलली पाहिजेत, घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि पाय जास्त गार पडतात. अंगाला लागून लोकर किंवा पॉलिस्टर, कॉटन नाही, घामाने ओलं झालेलं कॉटन अंगाची ऊब ओढून घेतं. मध्ये फ्लीस किंवा लोकर, वर वारा अडवणारं काहीतरी. बोटं सुटी असलेल्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र राहणारे मिटन्स गरम. कान झाकणारी टोपी, मफलर, आणि गॉगल, कारण ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो. घराबाहेर पडताना जरा गार वाटलं पाहिजे, दहा मिनिटं चाललात की बरोबर होतं, आधीच गरम वाटत असेल तर घाम येणार आणि मग गारठणार.

१३. घसरून पडायची भीती वाटते म्हणून घरातच बसते. काय करू?

बुटावर चढवायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात ते घ्या, फार महाग नसतात आणि आत्मविश्वास लगेच येतो. फक्त दुकानात, फरशीवर शिरताना काढा, तिथे उलटे घसरतात. पावलं छोटी, गुडघे जरा वाकलेले, वजन पुढच्या पायावर, हात खिशात नाही. काळ्या डांबरावर ओलं चमकतंय आणि तापमान शून्याखाली आहे तर ते पाणी नाही, बर्फ आहे असं समजा. मीठ टाकलंय म्हणून निर्धास्त होऊ नका, साधं मीठ मायनस १० च्या खाली फारसं काम करत नाही, तेव्हा वाळू किंवा बारीक खडी जास्त कामाची.

ही भीती घर निवडण्याशीही जोडलेली आहे. काही शहरांनी हिवाळ्यासाठी बंदिस्त रस्तेच बांधलेत, अमेरिकेतल्या मिनियापोलिसला इमारती जोडणारे साधारण १५ किलोमीटरचे पूल आहेत, माँट्रियलला जमिनीखाली ३० किलोमीटरच्या वर मार्ग आहेत. पडण्याची भीती असलेल्या माणसाला अशा जाळ्याजवळचं छोटं घर हे गावाबाहेरच्या ऐसपैस घरापेक्षा जास्त मोकळं ठेवतं.

१४. गाडी लागतेच का? आणि विंटर टायर म्हणजे दुकानदाराची फसवणूक आहे का?

गाडी न लागणारं घर सापडलं तर घ्याच. नाही सापडलं तर विंटर टायर घ्या, चारही. साधारण ७ अंशांच्या खाली साध्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं आणि पकड जाते, बर्फ नसला तरी. टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची चांदणी असलेलं चिन्ह बघा, नुसतं "एम प्लस एस" लिहिलेलं पुरेसं नाही. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च ते कायद्यानेच लागतात. फोर-व्हील ड्राइव्ह आहे म्हणून नको म्हणणारे खूप भेटतात, ते गाडी चालू व्हायला मदत करतं, थांबायला नाही.

मायनस १८ च्या आसपास बॅटरीत निम्म्याहून कमी ताकद उरते, त्यामुळे जुनी बॅटरी हिवाळ्याआधी तपासा. फार थंड गावात पार्किंगमध्ये इंजिन हीटरचा प्लग आहे का हे प्रश्न ६ च्या यादीत घाला. इलेक्ट्रिक गाडी चालते, फक्त रेंज बरीच कमी होते, घरी चार्जिंगची सोय असेल तरच घ्या असं मी म्हणेन.

१५. वादळात गाडी अडकली किंवा घरात वीज गेली तर?

दोन्हीकडे थंडीपेक्षा कार्बन मोनॉक्साइडची भीती जास्त, वास नाही रंग नाही. गाडीत अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका, पांढऱ्या अंधारात पन्नास पावलांवर लोक हरवलेत. सायलेन्सरचं तोंड मोकळं करा, इंजिन तासाला दहाच मिनिटं चालवा, खिडकी किंचित उघडी ठेवा. गाडीत ब्लँकेट, टॉर्च, फावडं, पाणी, फोनचा चार्जर कायम असू द्या.

घरात वीज गेली तर सगळ्यांनी एका खोलीत या, दार लावा, दाराखाली टॉवेल. जनरेटर कधीही आत किंवा गॅरेजमध्ये नाही, बाहेर, दारं-खिडक्यांपासून निदान ६ मीटर लांब. कोळशाची शेगडी, गॅसचा ओव्हन उबेसाठी लावू नका. वीज बऱ्याच वेळ येणार नसेल तर प्रश्न १० मधलं पाइपचं लक्षात ठेवा.

१६. बोटं पांढरी पडली, संवेदना गेली. हा हिमदंश आहे का? चोळू का?

चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका. पांढरी, मेणासारखी, बधिर कातडी म्हणजे हिमदंश धरून चाला. आत या, ओले मोजे-हातमोजे काढा, आणि ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बुडवा. पाणी दुसऱ्या कुणीतरी कोपराने तपासावं, कारण बधिर हाताला भाजलेलं कळत नाही, म्हणूनच हीटरजवळही धरू नका. परत थंडीत जायचंच असेल तर वितळवू नका, वितळून पुन्हा गोठणं जास्त वाईट. फोड आले, रंग काळा-निळा झाला, संवेदना परत आली नाही तर हॉस्पिटल.

माणूस बडबडायला लागला, धडपडायला लागला, आणि विशेषतः काकडायचा थांबला तर ते शरीराचं आतलं तापमान ३५ च्या खाली गेल्याचं लक्षण असू शकतं. लगेच इमर्जन्सी. दारू देऊ नका, ऊब वाटते पण आतली उष्णता बाहेर पळते.

१७. लहान बाळ किंवा म्हातारे आईवडील असतील तर वेगळं काय?

बाळाला आपल्यापेक्षा एक थर जास्त, पण गाडीच्या सीटवर जाड कोट घालून पट्टा बांधू नका, अपघातात कोट दबतो आणि पट्टा सैल पडतो. पातळ कपड्यात घट्ट बांधा आणि वरून ब्लँकेट. म्हाताऱ्या माणसांना घरातसुद्धा गारठा बाधतो आणि तहान-थंडी लवकर कळत नाही, जागतिक आरोग्य संघटना घरात निदान १८ अंश ठेवायला सांगते, म्हाताऱ्यांसाठी त्याहून थोडं वरच ठेवा. पायऱ्या नसलेलं दार, दवाखाना जवळ, आणि दारातून बाहेर पडल्या पडल्या बसायला बाक असलेली जागा, एवढं मिळालं तर बाकी तडजोड करा.

१८. तलाव गोठलाय, सगळे चालतायत, मी जाऊ का?

इतर चालतायत हे काही मोजमाप नाही. पारदर्शक, एकसंध बर्फ एका माणसाला चालायला निदान १० सेंटीमीटर हवा, गाडीला २० ते ३०. पांढुरका दुधी बर्फ निम्म्याच ताकदीचा, म्हणजे दुप्पट जाडी हवी. ओढा मिळतो तिथे, पुलाखाली, आणि वरून बर्फाची दुलई असेल तिथे थर पातळ असतो. हिवाळ्याच्या शेवटी जाडीवर अजिबात भरवसा नाही.

१९. दोन हिवाळे झाले, अजून मन लागत नाही. सोडून जाऊ का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर मला एका ओळीत देता येत नाही. आधी हे वेगळं करा की गाव नकोय, घर नकोय, की हिवाळा नकोय. उत्तरेच्या बाजूच्या, बसपासून लांब, गळक्या खिडक्यांच्या घरात राहून हिवाळा वाईट म्हणणारे कितीतरी लोक त्याच गावात घर बदलून खुशीत राहिलेत. आठवड्यात किती वेळा बाहेर पडता, घरी कोण येतं, कुणाचा फोन येतो, हे लिहून काढा. बर्फात माणसं आपणहून भेटत नाहीत, ठरवून भेटावं लागतं, एक ठरलेला वार आणि ठरलेली जागा असली की हिवाळ्याला आकार येतो. स्केटिंग, स्की, नुसतं चालणं, काहीही असो, बर्फातच करता येईल असं एक काम ज्यांनी धरलं त्यांचं मन लागतं असं मी वर्षानुवर्षं बघतेय.

हे सगळं करूनही ऑक्टोबर आला की छातीत धस्स होत असेल तर जा. हवामान हे जागा सोडायचं पुरेसं कारण आहे, त्यासाठी कुणाला पटवून द्यायची गरज नाही. शरीर सगळ्यांचं सारखं नसतं. फक्त निर्णय फेब्रुवारीत घेऊ नका, मेमध्ये परत विचार करा, तेव्हाही तेच वाटलं तर घर शोधायला लागा, आणि प्रश्न १ उलट्या बाजूने वाचा, म्हणजे तुम्हाला नेमकं काय झेपलं नाही ते नव्या गावात नसेल याची खात्री करा.

२०. आता हवामान गरम होतंय, हिवाळे सौम्य होतील. मग एवढा विचार कशाला?

सरासरी वाढतेय हे खरं, पण राहायला ते सोपं होईलच असं नाही. जिथे पूर्वी हिवाळाभर शून्याखाली असायचं तिथे आता मध्येच पाऊस पडून वर गोठतो, आणि तो त्रास प्रश्न १ मध्ये सांगितलाय. तलाव उशिरा गोठले की उघड्या पाण्यावरून जाणारी थंड हवा जास्त दिवस बाष्प उचलत राहते, म्हणजे प्रश्न ३ मधला तलावाकाठचा बर्फ. प्रश्न १८ मधले आकडे पाळायचे दिवसही कमी-जास्त होतात. पुढच्या दहा वर्षांसाठी घर घेताना बर्फासोबत पावसाचा निचराही बघा, तळघर असेल तर विशेष.

२१. आम्ही हिवाळ्यात तीन महिने बाहेर असतो. घर बंद करून जाताना हीटर बंद केला तर चालेल ना?

नाही. थर्मोस्टॅट १३ अंशांच्या खाली नेऊ नका. मेन व्हॉल्व्ह बंद करा, मग सगळे नळ उघडून पाइप रिकामे करा, फ्लश करून टाकीही. हीटिंग गरम पाण्याच्या रेडिएटरवर असेल तर मेन बंद करायच्या आधी प्लंबरला विचारा. घराची एक चावी शेजाऱ्याकडे ठेवा, आठवड्यातून एकदा आत डोकावायला सांगा, आणि विमा कंपनीला कळवा, कारण घर बरेच दिवस रिकामं असेल तर बऱ्याच पॉलिसींमध्ये अशी तपासणी केल्याशिवाय पाइप फुटल्याची भरपाई मिळत नाही. दारासमोरचा बर्फ कोण काढणार तेही ठरवून जा, न काढलेला बर्फ रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो की घरात कुणी नाही.